एका टक्केवारीवर इमारतीला प्रमाणपत्र देऊ नका : प्रमाणन समितीला खुलं पत्र

महोदया, महोदय,

सप्रेम नमस्कार.

ऊर्जाबचतीचं प्रमाणपत्र देताना लागणाऱ्या इमारतींच्या ऊर्जा-सिम्युलेशनबाबत, म्हणजे इमारतीचं कॉम्प्युटरवर मॉडेल करून ती वर्षभर कशी वागेल आणि किती ऊर्जा घेईल याच्या हिशेबाबाबत, आपण काढलेलं नवं परिपत्रक मी वाचलं. ते मुकाट्याने मान्य करणं मला जमणार नाही, म्हणून हे पत्र. पत्र खुलं ठेवलं आहे, कारण तुमच्या निर्णयाचे परिणाम जे लोक रोज आठ-दहा तास अंगावर घेणार आहेत त्यांना हा विषय कुणी समजावून सांगत नाही. त्यांनीही हे वाचावं अशी इच्छा आहे.

परिपत्रकाने तीन गोष्टी बदलल्या. अर्जासोबत मॉडेलची इनपुट फाइल, म्हणजे त्यात भरलेल्या सगळ्या आकड्यांची फाइल, द्यायची गरज उरली नाही. एक पानी सारांश आणि त्यावर बेसलाइनच्या, म्हणजे तुलनेसाठी नियमाप्रमाणे धरलेल्या काल्पनिक इमारतीच्या, तुलनेत किती टक्के ऊर्जा वाचते तो आकडा, एवढं पुरे. आतल्या माणसांना उकडेल, गारठेल की बरं वाटेल हे सांगणारा आरामाचा विभाग ऐच्छिक केला. आणि इमारत वापरात आल्यावर बारा महिन्यांच्या मीटरच्या नोंदी कळवण्याची अट काढून टाकली. कारण दिलं आहे ते असं की प्रक्रिया सुटसुटीत व्हावी आणि मंजुरी लवकर मिळावी.

मी ही मॉडेलं करते. भिंतींचे थर, काचेचे गुणधर्म, माणसांची ये-जा, दिव्यांचे वॅट, एसीचे सेटपॉइंट म्हणजे ठरवून ठेवलेली तापमानं, हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये भरणं, रन लावणं म्हणजे हिशेब चालवणं, एरर शोधत बसणं आणि शेवटी अहवाल देणं हा माझा व्यवसाय आहे. तुमच्या टेबलावर येणारी टक्केवारी माझ्यासारख्यांच्या हातून जाते. ती कशी तयार होते हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच तिच्यावर एवढा भार टाकू नका असं सांगण्याची जबाबदारीही माझ्यावर येते.

आधी सॉफ्टवेअरबद्दल. माझी तक्रार त्याच्या गणितावर नाही. वर्षाचे ८,७६० तास असतात, आणि एकेका तासाला, बहुतेक वेळा त्याहूनही बारीक टप्प्याने, प्रत्येक खोलीच्या प्रत्येक पृष्ठभागावर किती उष्णता आली आणि किती गेली याचा ताळेबंद हे प्रोग्रॅम मांडतात. सकाळी तापलेली भिंत संध्याकाळी उष्णता आत सोडते हे त्यांना कळतं. या कामामागे काही दशकांची मेहनत आहे. ट्रान्सिस हा प्रोग्रॅम अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातून १९७५ साली बाहेर आला. स्कॉटलंडच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातला ईएसपी-आर त्याच दशकातला. ब्लास्ट आणि डीओई-२ या दोन जुन्या प्रोग्रॅमांचं सार घेऊन अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने २००१ मध्ये एनर्जीप्लस आणला, तो कुणालाही फुकट मिळतो आणि त्याचा कोड कुणीही उघडून वाचू शकतो. एवढ्या उघडपणे वाढलेल्या विद्येचा निष्कर्ष तुम्ही आता बंद पाकिटात मागवता आहात.

प्रोग्रॅम तपासायच्या चाचण्याही आहेत. बेसटेस्ट नावाची चाचणी-मालिका १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे ॲशरे या अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या १४० क्रमांकाच्या मानकाचा पाया बनली. त्यातली सर्वांत मूळ इमारत म्हणजे ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद, २.७ मीटर उंच अशी एकच खोली, दक्षिणेला १२ चौरस मीटर काच. आत माणसं नाहीत, डक्ट नाहीत, चिलर नाही. प्रत्येक थराची जाडी, हवामान, हवेची गळती, सगळं ठरवून दिलेलं. तरीही नावाजलेल्या प्रोग्रॅमांची उत्तरं तंतोतंत एक येत नाहीत, एका पट्ट्यात येतात. हे लाजिरवाणं मुळीच नाही. उष्णतेचं गणित मांडायच्या एकाहून अधिक रास्त पद्धती आहेत, आणि चाचणी करणाऱ्यांनी तो पट्टा लपवला नाही, छापला.

आता जिथे प्रत्येक इनपुट ठरवून दिलं होतं तिथे पट्टा येतो, तर शेकडो खोल्यांच्या खऱ्या इमारतीत, जिथे हजारो इनपुट मॉडेल करणाऱ्याने आपल्या अंदाजाने भरलेली असतात, तिथे तुम्ही फक्त शेवटचा आकडा मागता आणि इनपुट बघायला नको म्हणता. ही माझी पहिली तक्रार.

एक उदाहरण देते. दारं-खिडक्यांच्या फटींतून आत शिरणारी हवा किती, हे इमारत बांधून होईपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून आकडा गृहीत धरावा लागतो. समजा ३,००० घनमीटरचा एक हॉल आहे. एका तासात त्यातली निम्मी हवा बदलते असं धरलं तर आकडा ०.५, इमारत फार घट्ट बांधली जाईल असं धरलं तर ०.२. फरक दिसायला ०.३ चा. पण आत-बाहेर १० अंशांचा फरक असेल तेव्हा या ०.३ मुळे एसीवर किंवा हीटरवर सुमारे ३ किलोवॅटचा फरक पडतो, आणि हवेतल्या दमटपणाचा भार यात धरलेलाच नाही. हा बदल करायला एका रकान्यात एक आकडा पुसून दुसरा टाइप करावा लागतो. सारांशाच्या पानावर त्याची कसलीही खूण राहत नाही. इनपुट फाइल समोर असेल तर जाणता तपासनीस दोन मिनिटांत विचारेल, ०.२ कशावरून धरलंत? गळती मोजायची चाचणी करणार आहात का? फाइलच नसेल तर तो काय विचारणार?

शेड्यूलचंही तसंच. ऑफिस सकाळी नऊला भरतं आणि संध्याकाळी सहाला रिकामं होतं, दिवे त्याबरोबर मालवले जातात, कॉम्प्युटर झोपी जातात, अशी शिस्त मॉडेलमध्ये असते. खऱ्या इमारतीत रात्री दहापर्यंत मजल्यावर दोन माणसं बसलेली असतात आणि त्यांच्यासाठी अख्ख्या मजल्याचा एएचयू, म्हणजे थंड केलेली हवा मजल्यावर पाठवणारं यंत्र, चालू असतो. त्यातही मेख अशी की तुलनेच्या पद्धतीत प्रस्तावित इमारत आणि बेसलाइन इमारत या दोघींना सहसा तेच शेड्यूल लावलं जातं. म्हणजे शेड्यूल वास्तवापासून कितीही दूर असलं तरी ते दोन्हीकडे सारखंच चुकतं आणि टक्केवारी साजरी दिसते. टक्केवारीवरून मूळ आकड्यांच्या खरेपणाबद्दल काहीच समजत नाही.

ही गोष्ट नियम लिहिणाऱ्यांनीही लपवलेली नाही. ॲशरेच्या ९०.१ मानकाचं परिशिष्ट जी, ज्याच्या धर्तीवर जगभर बेसलाइनशी तुलना होते, तेच स्पष्ट सांगतं की या पद्धतीने येणारे आकडे म्हणजे बांधून झाल्यावर इमारत प्रत्यक्षात किती ऊर्जा वापरेल याचं भाकीत नव्हे. दोन डिझाइनं एकाच मापाने मोजायची ती पद्धत आहे. तुमचं प्रमाणपत्र मात्र दारावर लागतं ते 'ही इमारत एवढी ऊर्जा वाचवते' अशा अर्थाने. भाडेकरू तेच वाचतो, कर्ज देणारी बँक तेच वाचते.

दुसरी तक्रार आरामाची. याबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचं आहे, कारण हा विभाग ऐच्छिक करून तुम्ही सिम्युलेशनचा अर्धा जीवच काढून घेतला आहे.

ऊर्जा वाचवायचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे माणसांना अवघडलेलं ठेवणं. थंड करायची यंत्रणा लहान घेतली, ताजी हवा कमी केली, सेटपॉइंट दोन अंश सरकवला की बिल उतरतं. मॉडेलमध्येही उतरतं. म्हणून ऊर्जेचा आकडा आरामाच्या आकड्याशेजारी ठेवल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. उपाशी ठेवून घरखर्च कमी केला तर त्याला आपण काटकसर म्हणत नाही.

आणि आराम म्हणजे थर्मोस्टॅटवरचा आकडा नव्हे. डेन्मार्कच्या ओले फँगर यांनी १९७० मध्ये मांडलेल्या समीकरणात सहा गोष्टी आहेत: हवेचं तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांकडून येणारी उष्णता, हवेचा वेग, आर्द्रता, अंगावरचे कपडे आणि माणूस करत असलेलं काम. त्यातून उणे ३ ते अधिक ३ अशा पट्टीवर एक अंक निघतो. तो उणे अर्धा ते अधिक अर्धा यांच्या दरम्यान असला तरी सुमारे १० टक्क्यांपर्यंत लोक नाखूश असतील असं तेच समीकरण सांगतं. अगदी शून्यावरही ५ टक्के. हे सगळं आपली सॉफ्टवेअरं तासागणिक काढून देतात. त्यासाठी वेगळं मॉडेल लागत नाही. ज्या रनमधून ऊर्जेची टक्केवारी निघते त्याच रनमधून हेही निघतं, फक्त आउटपुटच्या यादीत ते मागावं लागतं.

पश्चिमेकडच्या काचेलगत बसलेला एक माणूस घ्या. वेळ दुपारी चारची. थर्मोस्टॅट मजल्याच्या मध्यावर, तिथे २४ अंश. काचेचा आतला पृष्ठभाग तापून ३८ वर गेला आहे, बाकी भिंती, छत, जमीन २५ वर आहेत. या माणसाच्या भोवतालापैकी साधारण एक तृतीयांश भाग काचेने व्यापला आहे. म्हणजे भोवतालच्या पृष्ठभागांचं त्याला जाणवणारं सरासरी तापमान २९ च्या थोडं वर जातं. हवेचं २४ आणि हे २९ यांची सरासरी काढली की त्याचं ऑपरेटिव्ह तापमान २६.७ च्या आसपास येतं. त्यात थेट ऊन अंगावर पडत असेल तर आणखी भर. ॲशरेच्या ५५ क्रमांकाच्या मानकाने २०१७ पासून थेट उन्हाचाही हिशेब धरायला सांगितलं आहे. हा माणूस सेटपॉइंट खाली ओढतो. आता मजल्याच्या आतल्या बाजूला बसलेली बाई स्वेटर घालून बसते. वीज जास्त गेली, दोघंही त्रासलेले, आणि तुमच्या सारांशात हे दोघं कुठेच नाहीत. कारण मॉडेलमध्ये तो सगळा मजला एक झोन, म्हणजे हिशेबाचा एकच भाग, होता आणि झोनची हवा सगळीकडे सारखी मिसळलेली धरली होती. काचेलगतची चार-पाच मीटरची पट्टी वेगळा झोन केली होती की नाही, एवढा एक प्रश्न विचारला तरी निम्मं चित्र उघड होतं. तो विचारायलाही इनपुट फाइल लागते.

परिपत्रकात असं सुचवलं आहे की 'अनमेट अवर्स' ची, म्हणजे सेटपॉइंट न गाठलेल्या तासांची, मर्यादा पाळली की आरामाची काळजी घेतली गेली. हे मला पटत नाही. परिशिष्ट जीच्या मर्यादेनुसार ८,७६० पैकी ३०० तासांपर्यंत सेटपॉइंट गाठला नाही तरी चालतं. ती मर्यादा यंत्रणेची क्षमता आणि मॉडेलची शिस्त तपासायला ठेवली आहे. ते ३०० तास कुठले, हे ती सांगत नाही. वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या खोल्या रोज दुपारी तीन तास तापत असतील तर १०० दुपारी होतात, म्हणजे जवळजवळ सगळा उन्हाळा, आणि इमारत तरीही मर्यादेत. शिवाय एका तासात एक झोन तापला काय आणि दहा तापले काय, मोजणीत तो एकच तास धरला जातो. किती माणसांना त्रास झाला हे त्यातून निघतच नाही. आणि ही सगळी मोजणी थर्मोस्टॅटच्या तापमानाची. काचेजवळच्या त्या माणसाला ती ओळखतच नाही.

जिथे एसी नाही किंवा थोड्याच भागात आहे अशा इमारतींवर तर या निर्णयाने सरळ अन्याय होतो. तिथे थंड करायला ऊर्जा लागत नाही किंवा फार थोडी लागते, मग बेसलाइनच्या तुलनेत टक्केवारी कशाची काढणार? अशा इमारतीच्या सिम्युलेशनचं खरं उत्तर आरामाचे तास हेच असतं. रिचर्ड डी डियर आणि गेल ब्रेगर यांनी १९९८ मध्ये चार खंडांतल्या १६० इमारतींमधल्या सुमारे २१,००० नोंदींवरून दाखवून दिलं की खिडक्या स्वतःच्या हाताने उघडता येणाऱ्या इमारतींत लोक बाहेरच्या हवामानाशी जुळवून घेतात. त्यावरचं सूत्र २००४ मध्ये ॲशरे ५५ मध्ये आलं: बाहेरच्या सरासरी तापमानाला ०.३१ ने गुणा आणि १७.८ मिळवा. बाहेर सरासरी ३० अंश असेल तर आतलं सुखाचं तापमान २७ च्या थोडं वर, आणि ८० टक्के लोकांना चालेल अशी वरची हद्द साडेतीस अंशांच्या आसपास. वाऱ्याची सोय नीट असलेली, सावली धरलेली, जाड भिंतींची इमारत या कसोटीवर एसीशिवाय उत्तम उतरू शकते. ते सिद्ध करायची एकमेव जागा तुम्ही ऐच्छिक केली. ऐच्छिक म्हणजे काय होतं ते मला रोज दिसतं: ज्याला फी द्यायची आहे तो विचारतो, हे मागितलंय का? नाही म्हटलं की विषय संपला.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे जगभरच्या इमारतींत वापरल्या जाणाऱ्या विजेपैकी जवळजवळ २० टक्के वीज एसी आणि पंख्यांना लागते, आणि एसींची संख्या झपाट्याने वाढते आहे. अशा काळात एसीशिवाय चालू शकणारं डिझाइन ओळखणारा विभागच वगळणं मला समजत नाही. वीज गेल्यावर इमारतीत किती तास बसता येईल, हाही प्रश्न याच विभागात सोडवता येतो. यंत्रणा बंद करून उष्णतेच्या लाटेच्या चार दिवसांचा एक रन लावायचा, एवढंच काम. रुग्णालयं, वसतिगृहं, वृद्धाश्रम यांच्यासाठी तर तो सक्तीचा हवा.

हवामानाच्या फाइलबद्दल थोडक्यात सांगते. आपण वापरतो ते 'ठरावीक वर्ष' कधीही एक सलग वर्ष म्हणून घडलेलं नसतं. वेगवेगळ्या वर्षांतले बारा प्रातिनिधिक महिने निवडून ते जोडलेलं असतं. वर्षभराचा वापर काढायला ते ठीक आहे. पण त्याची निवडच मुळी टोकाचे महिने वगळून होते, त्यामुळे उकाड्याचा प्रश्न त्याला विचारून उपयोग नाही. शिवाय अजून वापरात असलेल्या काही फाइली फार जुन्या नोंदींवर बेतलेल्या आहेत. अमेरिकेचा टीएमवाय-२ संच १९६१ ते १९९० च्या नोंदींवरचा आहे. कुठल्या वर्षांची फाइल वापरली हे सारांशात लिहिण्याचीसुद्धा सक्ती तुम्ही ठेवलेली नाही.

तिसरी तक्रार मीटरची. बारा महिन्यांच्या नोंदी मागण्याची अट हीच तुमच्या व्यवस्थेतली सर्वांत प्रामाणिक गोष्ट होती. ब्रिटनमध्ये १९९५ ते २००२ या काळात 'प्रोब' या नावाने वापरातल्या इमारतींचा अभ्यास झाला. मीटरही वाचले आणि आत बसणाऱ्या लोकांनाही विचारलं. प्रत्यक्ष वापर अनेकदा डिझाइनच्या अंदाजाच्या दुप्पट निघाला. अमेरिकेत लीड हे हरित-इमारत प्रमाणपत्र मिळालेल्या १२१ इमारतींचे मोजलेले आकडे २००८ मध्ये तपासले गेले. सगळ्यांची मिळून सरासरी अंदाजाच्या बरीच जवळ होती, पण निम्म्याहून जास्त इमारती आपापल्या अंदाजापासून २५ टक्क्यांहून अधिक दूर होत्या, काही चांगल्या बाजूला, काही वाईट. तुम्ही प्रमाणपत्र सरासरीला देत नाही, एका इमारतीला देता. त्या इमारतीचं काय झालं हे कळायला तिचा मीटरच वाचावा लागतो.

हे होऊ शकतं हेही सिद्ध झालेलं आहे. ऑस्ट्रेलियात १९९८ पासून चालू असलेल्या नेबर्स पद्धतीत मानांकन मिळतं ते बारा महिन्यांच्या मोजलेल्या वापरावर. डिझाइनच्या टप्प्यावर विकासक अमुक तारे मिळवीन असा करार करू शकतो. त्याचं सिम्युलेशन त्रयस्थ तज्ज्ञ तपासतो. 'कंट्रोल बिघडले तर, लोक जास्त वेळ थांबले तर' असे प्रतिकूल रनही लावून घेतले जातात. आणि शेवटचा शब्द मीटरचा असतो. तिथल्या मॉडेल करणाऱ्याला माहीत असतं की दोन वर्षांनी आपला आकडा खऱ्या आकड्याशेजारी ठेवला जाणार आहे. मग तो ०.२ लिहिताना थांबतो.

मीटर आणि मॉडेल जुळवायची मापंही तयार आहेत. ॲशरेच्या १४ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेप्रमाणे महिन्यांच्या बिलांशी जुळवताना एकूण तफावत ५ टक्क्यांच्या आत आणि महिन्यामहिन्यांतली तफावत १५ टक्क्यांच्या आत आली की मॉडेल जुळलं असं मानतात. नोंदीच आल्या नाहीत तर जुळवणार कशाशी? आणि आम्ही मॉडेल करणारे शिकणार कुठून? माझ्या एका कामात मालकाने वर्षभराची बिलं आपणहून दाखवली. पंख्यांची वीज मॉडेलपेक्षा खूपच जास्त निघाली. शोधत गेलो तर फिल्टर बदललेच गेले नव्हते आणि पंख्यांचा वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह शंभर टक्क्यांवर अडकवून ठेवले होते. ती दुरुस्ती कुठल्याही महागड्या उपकरणाशिवाय झाली. मालकाने बिलं दाखवली नसती तर ते पंखे तसेच फिरत राहिले असते, दारावर प्रमाणपत्र आणि आत हे.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनाही या निमित्ताने सांगायचं आहे, कारण समितीच्या निर्णयाला तुमच्या एका बटणाने जोर दिला आहे. एक क्लिक आणि सुबक सारांश तयार. त्यात वापरकर्त्याने स्वतः विचार करून भरलेली मूल्यं कुठली आणि रिकाम्या जागी तुम्ही आपोआप भरलेली डिफॉल्ट कुठली, हे दाखवलेलं नसतं. मॉडेल तुमच्याच बंद फॉरमॅटमध्ये अडकतं. परवाना संपला की स्वतःचं जुनं काम उघडता येत नाही, तपासनिसाने ते उघडणं तर दूरच. एनर्जीप्लसची इनपुट फाइल साध्या मजकुराची असते, हवामानाची फाइलही तशीच. कुठल्याही एडिटरमध्ये उघडा, वाचा, दोन आवृत्त्यांतला फरक काढा. ही सोय तुमच्या ग्राहकालाही द्या. तुमच्या गणिताचं गुपित तुमच्यापाशी ठेवा. ग्राहकाने भरलेले आकडे ग्राहकाचे आहेत.

आता पुन्हा समितीकडे वळते, तुमच्या बाजूने येणाऱ्या हरकतींकडे. फाइली तपासायला माणसं नाहीत, हे मला मान्य आहे. पण सगळ्या तपासायची गरजही नाही. काही अर्ज चिठ्ठी टाकून निवडले आणि ते मुळापासून तपासले, तरी बाकीच्यांच्या हाताला शिस्त लागते. अट एवढीच की फाइल सर्वांची जमा असली पाहिजे. व्यावसायिक गुप्ततेचं म्हणाल तर भिंतीच्या थरांत आणि दिव्यांच्या वॅटमध्ये गुपित असं काय आहे? एखाद्या इमारतीच्या सुरक्षेचा खरोखर प्रश्न असेल तर तेवढ्या फाइली फक्त तपासनिसाला दाखवा. आणि लवकर मंजुरीबद्दल म्हणाल तर इमारत पन्नास-साठ वर्षं उभी राहते. चुकलेली काच आणि न घातलेलं इन्सुलेशन एवढी वर्षं सोसावं लागतं, आणि ते नंतर बदलणं कुणाच्या ऐपतीत बसत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. प्रत्येक अर्जासोबत मॉडेलची इनपुट फाइल आणि हवामानाची फाइल, साध्या मजकुराच्या खुल्या स्वरूपात, जमा करणं सक्तीचं करा. गळती, शेड्यूल, प्लग-लोड (सॉकेटला लावलेल्या उपकरणांची वीज) आणि सेटपॉइंट ही चार गृहीतकं कशावरून धरली ते सारांशाच्या पहिल्या पानावरच लिहून घ्या. यातलं एखादं मूल्य डिफॉल्ट असेल तर तसं लिहा.

२. आरामाचा विभाग पुन्हा सक्तीचा करा. त्यात इमारतीची सरासरी चालणार नाही. सर्वांत वाईट तीन झोन, त्यांतले ऑपरेटिव्ह तापमानाचे तास, आणि ते दिवसाच्या कुठल्या वेळी व कुठल्या महिन्यात येतात हे हवं. काचेलगतचे झोन वेगळे काढलेले असावेत. एसी नसलेल्या इमारतींना अडॅप्टिव्ह, म्हणजे बाहेरच्या हवामानाशी जुळवून घेण्याच्या, कसोटीवर मानांकन मिळण्याचा स्वतंत्र मार्ग द्या.

३. रुग्णालयं, वसतिगृहं आणि वृद्धाश्रमांसाठी यंत्रणा बंद असताना उष्णतेच्या लाटेतला रन मागा.

४. एका आकड्याऐवजी पट्टा मागा. महत्त्वाची गृहीतकं वर-खाली करून टक्केवारी कुठून कुठपर्यंत हलते ते कळू द्या. ज्या डिझाइनचा फायदा एका रकान्यातल्या बदलाने नाहीसा होतो ते डिझाइन कुठलं, हे तुम्हालाही समजेल.

५. बारा महिन्यांच्या मीटरच्या नोंदींची अट परत आणा, आणि तोवर दिलेल्या प्रमाणपत्रावर 'डिझाइनच्या अंदाजावर आधारित' असं ठळक छापा. नोंदी आल्यावर अंदाज आणि वापर दोन्ही आकडे शेजारी-शेजारी जाहीर करा.

६. परिपत्रक अमलात येण्याआधी मॉडेल करणारे, यंत्रणा चालवणारे आणि इमारतींत प्रत्यक्ष बसणारे लोक यांच्याकडून लेखी हरकती मागवा. आमच्यापैकी कुणालाही हे आधी विचारलं गेलं नाही.

यातलं काहीही नव्याने शोधायचं नाही. सॉफ्टवेअर हे आकडे आजही काढतं, मानकं लिहिलेली आहेत, मीटर बसवलेले आहेत. परिपत्रकावर लेखी उत्तर मिळावं आणि ते सर्वांना वाचता येईल असं प्रसिद्ध व्हावं, ही विनंती. तुमच्या तपासनिसांना सरावासाठी फाइली हव्या असतील तर ग्राहकांची परवानगी घेऊन माझी मॉडेलं, त्यांतल्या सगळ्या गृहीतकांसह, मी उघडी करून द्यायला तयार आहे.

आपली,
इमारतींची ऊर्जा-मॉडेलं करणारी एक विश्लेषक